गिरडचे खडे, कुंभाराचं मडकं आणि विश्वाचा कर्ता

गिरडची टेकडी पाहिली नसेल तर एकदा बघून या. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात आहे. वर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि टेकडीच्या अंगावर जागोजागी गोल-लांबट, पांढुरके खडे सापडतात. एखादा सुपारीएवढा, एखादा जायफळासारखा. हे खडे कुठून आले याची कथा आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते. तिची रूपं वेगवेगळी आहेत, पण इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं रूप साधारण असं: फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, फकिराने त्यांच्या मालाचे दगड करून टाकले. मग व्यापारी पाया पडले, तेव्हा त्याने झाडाच्या वाळक्या पानांतून त्यांचा माल पुन्हा तयार करून दिला. व्यापारी तिथेच राहिले ते कायमचे.

मी झिओलाइटवर पीएचडी करते आहे, त्यामुळे हे खडे माझ्या जरा जास्तच जिव्हाळ्याचे. ते झिओलाइटचेच आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. नंतर त्या पोकळ्यांमधून गरम, क्षार विरघळलेलं पाणी फिरत राहिलं आणि आत हळूहळू स्फटिक वाढले. पुढे आजूबाजूचा काळा दगड झिजला, आतले टणक गोळे सुटे झाले. ‘झिओलाइट’ हे नावही मजेशीर आहे. 1756 मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा दगड तापवला तेव्हा तो फसफसला, म्हणून नाव पडलं ‘उकळणारा दगड’.

हे सगळं मी मोठ्या हौसेने आजीला समजावून सांगितलं. आजी चौथी शिकलेली, आणि गिरडला नवस फेडून आलेली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बरं, फकिरानं नाई केलं. मंग थो लाव्हा कोनं धाडला वं?”

मी म्हटलं, पृथ्वीच्या पोटातून आला. “अन् पृथ्वी?” सूर्याभोवतीच्या धुळीतून. “अन् धूळ?” आधीच्या ताऱ्यांमधून. “अन् तारे?”

इथे मी गप्प झाले. आजी जिंकल्यासारखी हसली आणि तांदूळ निवडायला लागली.

आता बघा, आजीने एका दमात दोन वेगळे प्रश्न विचारले होते. हे खडे कशाने झाले, हा एक प्रश्न. त्याला उत्तर आहे, ते तपासता येतं, आणि त्या उत्तराने फकिराची कथा खड्यांचं कारण म्हणून बाद होते. दुसरा प्रश्न असा, की कारणांची ही सगळी साखळी मुळात आहे का, आणि तिला धरून ठेवणारा कोणी कर्ता लागतो का. दुसऱ्या प्रश्नाला झिओलाइटच्या अभ्यासातून उत्तर मिळत नाही. पण पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरंही निकालात निघालं असं आपल्याला उगाच वाटतं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तर फारच वाटतं. मलाही वाटत होतं.

तुम्ही पेटची तयारी करत असाल तर ‘कारण’ आणि ‘अनुमान’ हे शब्द तुमच्या नोट्समध्ये असतीलच. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य पाठ असेल. पण अनुमान नेमकं कुठे मोडतं, ते कसं पकडायचं, हे मला कुठल्याही गाइडबुकपेक्षा जास्त नीट एका जुन्या भांडणातून कळलं. हे भांडण आपल्याच देशात निदान हजार वर्षं चाललं, आणि त्याचा विषय होता: विश्वाला कर्ता लागतो का?

न्याय दर्शनाचा युक्तिवाद आधी बघू. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, ‘न्यायकुसुमांजलि’ नावाचा अख्खा ग्रंथ ईश्वर सिद्ध करण्यासाठी लिहिला. त्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध अनुमानाचा सांगाडा असा आहे. पृथ्वी, डोंगर, अंकुर वगैरे गोष्टी ‘कार्य’ आहेत, म्हणजे त्या कधीतरी घडल्या. जे जे कार्य असतं त्याला कर्ता असतो. उदाहरण? मडकं. म्हणून पृथ्वीलाही कर्ता आहे.

यातले पारिभाषिक शब्द एकदा बसवून घ्या, पुढे लागतील. ज्याबद्दल सिद्ध करायचं ती पृथ्वी हा ‘पक्ष’. जे सिद्ध करायचं, म्हणजे कर्ता असणं, ते ‘साध्य’. ज्याच्या जोरावर सिद्ध करायचं, म्हणजे कार्य असणं, तो ‘हेतू’. आणि “जिथे जिथे हेतू तिथे तिथे साध्य” हा जो नियम, ती ‘व्याप्ती’. सगळा खेळ व्याप्तीचा आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नैयायिकांचा ईश्वर शून्यातून काही निर्माण करत नाही. त्यांच्या मते परमाणू अनादि आहेत, जीवही अनादि आहेत. ईश्वर त्यांची जुळणी करतो. कुंभार माती निर्माण करतो का? नाही, तो तिला आकार देतो. न्यायाच्या भाषेत कुंभार हा ‘निमित्त कारण’, माती वेगळी. वेदान्ती म्हणतात तसं नाही, ब्रह्म हेच निमित्त आणि तेच उपादान, जसा कोळी आपल्याच पोटातून जाळं काढतो. म्हणजे “विश्वाला दैवी कारण आहे का” या प्रश्नात ‘कारण’ हा शब्दच दोन घरांत दोन अर्थांनी वावरतो आहे. व्याख्या आधी ठरवा असं गाइड ओरडून सांगतात ते यासाठीच.

आता विरोधक. यात बौद्ध होते, जैन होते, आणि वेद मानणारे मीमांसकही होते. ईश्वर नाकारणारे सगळे वेदविरोधी होते असं समजू नका. कुमारिल भट्ट हे कट्टर वेदप्रामाण्यवादी, पण जगाचा निर्माता मानायला तयार नाहीत. त्यांचे प्रश्न आपल्या मौखिक परीक्षेतल्या बाहेरच्या परीक्षकासारखे आहेत: काहीच नव्हतं तेव्हा त्याला शरीर होतं का? नसेल तर त्याला इच्छा कशी झाली? असेल तर ते शरीर कोणी केलं? आणि हे घडताना पाहिलं कोणी? नवव्या शतकात जैन आचार्य जिनसेनांनीही निर्मात्याच्या कल्पनेवर असाच मारा केला. जैनांच्या मते जग अनादि आहे, त्यामुळे सुरुवातीचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

पण मला सगळ्यात धारदार वाटतात ते धर्मकीर्ती, सातव्या शतकाच्या सुमाराचे बौद्ध तर्कशास्त्री. ते म्हणतात, नुसत्या शब्दाच्या सारखेपणावर अनुमान करू नका. धूर पांढुरका असतो, म्हणून पांढुरकी वस्तू दिसली की तिथे आग आहे असं म्हणाल का? आणि मग त्यांचं वारुळाचं उदाहरण येतं. मडकं मातीचं, मडक्याला कुंभार. वारूळही मातीचं. मग वारूळही कुंभाराने केलं म्हणायचं का?

थोडं थांबून यावर विचार करा. कर्ता आपण ‘कार्य’ या शब्दावरून ओळखतच नाही. मडकं पाहून कुंभार आठवतो, कारण कुंभाराला मडकं करताना आपण कधीतरी पाहिलेलं असतं, आणि त्या प्रकारची घडण आपल्याला ओळखू येते. विटांचं पडकं देऊळ जंगलात दिसलं तर बांधणारा कोण हे माहीत नसूनही आपण म्हणू, कोणीतरी बांधलं. पण डोंगर पाहून तसं होत नाही. देऊळ आणि डोंगर दोघांनाही ‘कार्य’ म्हटलं, एवढ्याने देवळाबद्दलची खात्री डोंगराकडे सरकवता येत नाही. ‘कार्य’ हे लेबल आपण लावलंय. त्याखाली एकच गोष्ट आहे का, हे आधी बघायला हवं.

नैयायिकांना हे कळत नव्हतं असं नाही. उलट, अनुमान कुठे फसतं याचं उत्तम हत्यार त्यांनीच घडवलं. त्याचं नाव ‘उपाधी’. उदाहरण त्यांचंच: “जिथे आग तिथे धूर” हा नियम बरोबर वाटतो, पण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही. का? कारण धूर नुसत्या आगीने होत नाही, ओल्या सरपणाने होतो. जिथे जिथे धूर तिथे तिथे ओलं सरपण, पण जिथे जिथे आग तिथे ओलं सरपण असतंच असं नाही. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, आपल्या नियमामागे लपून बसलेली खरी अट. संख्याशास्त्राच्या पेपरात तुम्ही ‘कन्फाउंडर’ शिकता ना, त्याचा हा जवळचा चुलता.

माझ्या बाबतीत ही उपाधी टेफ्लॉनच्या डब्यात बसली होती. झिओलाइट करताना आम्ही जेल टेफ्लॉनच्या डब्यात भरतो, डबा स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये, आणि ऑटोक्लेव्ह ओव्हनमध्ये. दुसऱ्या वर्षी मला शोध लागला (असं मला वाटलं) की एक विशिष्ट अमाइन घातलं की मला हवा तो स्फटिक मिळतोच. अकरापैकी अकरा वेळा. पोस्टर केलं, पेपरचा मसुदा केला. मग एका ज्युनिअरने तोच प्रयोग केला, तेच अमाइन, तेच तापमान. हाती आला नुसता चिखल. दोन महिने मी त्यालाच दोष देत होते. मग लक्षात आलं, त्याचा डबा नवा कोरा होता. माझ्या डब्याला आतून ओरखडे पडले होते, आणि त्या ओरखड्यांत आधीच्या प्रयोगांचे बारीक स्फटिक चिकटून बीजासारखं काम करत होते. जिथे जिथे स्फटिक तिथे तिथे जुना डबा. जिथे अमाइन तिथे जुना डबा असेलच असं नाही. सहा महिने गेले. उपाधीची व्याख्या मी नंतर वाचली आणि वाचताना कान गरम झाले.

आता हेच हत्यार विरोधकांनी ईश्वराच्या अनुमानावर उगारलं. ते म्हणाले, मडकं, कापड, घर, जिथे जिथे कर्ता दिसतो तिथे शरीर असलेला कर्ता दिसतो. शरीराने केलेलं असणं हीच तुमची उपाधी. शेतातल्या अंकुराला कोणी शरीराने घडवलेलं दिसत नाही, म्हणजे कार्य आहे पण कर्ता नाही. नियम मोडला.

यावर नैयायिकांचं उत्तर ऐका, कारण ते मला अजूनही आवडतं. ते म्हणतात, अंकुर हा तर आमच्या पक्षातच आहे. अंकुराला कर्ता आहे की नाही हाच वाद आहे, मग त्याच अंकुराला तुम्ही “कर्ता नसलेल्याचं उदाहरण” म्हणून कसं आणता? आणि शरीराचं म्हणाल, तर कर्ता असायला काय लागतं? कशापासून करायचं त्याचं ज्ञान, करायची इच्छा आणि प्रयत्न. शरीर हे या तिघांचं साधन, कर्तेपणाचा गाभा नाही. चौदाव्या शतकात गंगेशांनी ‘तत्त्वचिंतामणि’मध्ये हा वाद इतका बारीक केला की वाचताना डोकं भणभणतं.

अंकुराचा मुद्दा न्याय्य आहे. ज्या नमुन्याबद्दलच प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर गृहीत धरून तोच पुरावा म्हणून वापरता येत नाही. पण माझ्या मते हाच नियम नैयायिकांवरही उलटतो. अंकुर, डोंगर, समुद्र, सगळं बाजूला काढलं तर व्याप्तीच्या बाजूने उरतं काय? मडकी, कापडं, घरं. सगळी माणसाची कामं, सगळी हाताएवढ्या मापाची. या नमुन्यावरून “प्रत्येक कार्याला कर्ता” असा नियम करून तो अख्ख्या पृथ्वीला लावायचा, म्हणजे शून्य ते दहा पीपीएमवर कॅलिब्रेशन कर्व्ह काढून एक लाख पीपीएमचं सॅम्पल वाचण्यासारखं आहे. रेषा तिथपर्यंत ओढता येते, रेषा ओढायला कोणी अडवत नाही. पण अकराव्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्तींनी ‘ईश्वरसाधनदूषण’ लिहिताना जी हरकत घेतली तिचा रोख इथेच आहे: मडक्यांवरून जास्तीत जास्त मडक्यांसारख्या गोष्टींबद्दल बोलता येतं.

आणि समजा कर्ता सिद्ध झालाच, तरी तो एकच आहे, सर्वज्ञ आहे, हे कुठून आलं? मोठी घरं पुष्कळ गवंडी मिळून बांधतात. 1779 मध्ये छापल्या गेलेल्या संवादांत डेव्हिड ह्यूमने अगदी हेच विचारलं होतं, भारतातला वाद माहीत नसताना.

पश्चिमेकडच्या युक्तिवादांची तोंडओळख पण करून घेऊ, मुलाखतीत कोणी विचारलं तर उपयोग होईल. त्यांचे ढोबळ दोन प्रकार. एक गझालींचा (1058 ते 1111): जे सुरू होतं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणून विश्वाला कारण आहे. हा काळात मागे जाणारा. दुसरा प्रकार थॉमस अक्वायनस (1225 ते 1274) आणि नंतर लायबनिझ यांचा, आणि तो काळाबद्दल नाहीच. अक्वायनस तर स्पष्ट म्हणतात की विश्वाला सुरुवात होती हे नुसत्या तर्काने सिद्ध करता येत नाही. त्यांचा मुद्दा अवलंबून असण्याचा आहे.

हा फरक समजायला वर्धा स्टेशनच्या पुलावर उभं राहा. खालून कोळशाची मालगाडी जाते. शेवटचा डबा का चालतोय? पुढच्याने ओढला. तो का? त्याच्या पुढच्याने. डबे कितीही वाढवा, अगदी अनंत करा, प्रत्येक डबा ओढला जाणाराच असेल तर गाडी हलण्याचा खुलासा होत नाही. कुठेतरी इंजिन हवं, आणि ते आत्ता, या क्षणी हवं. गाडी केव्हा सुटली याच्याशी संबंध नाही. “जगाला सुरुवातच नाही” एवढं सांगून हा युक्तिवाद पडत नाही, हे नास्तिक मित्रांनी लक्षात घ्यावं.

त्याला खरा अडथळा वेगळा आहे. 1948 मध्ये बीबीसीवर बर्ट्रांड रसेल आणि फादर कोपल्स्टन यांचा वाद झाला. त्यात रसेल म्हणाले, प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला आई असलीच पाहिजे असं नाही. भागांचा गुण पूर्णाला आपोआप लागत नाही. पण कधीकधी लागतोसुद्धा! फरशीची प्रत्येक लादी लाल असेल तर फरशी लालच. मग ‘दुसऱ्यावर अवलंबून असणं’ हा गुण आईसारखा की लादीच्या रंगासारखा? माझ्या माहितीत याचा निर्णायक निकाल कोणी दिलेला नाही. रसेल यांनी तर विश्व आहे ते आहे, एवढ्यावर थांबायची तयारी दाखवली. थांबता येतं. पण आपण थांबलोय हे मान्य करायला हवं. त्याला उत्तर म्हणू नये.

“आता बिग बँगमुळे सगळं सिद्ध झालं” असं दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात, म्हणून थोडं त्याबद्दल. 1931 मध्ये विश्वाच्या सुरुवातीची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि कॅथलिक धर्मगुरूही. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात निर्मितीला पुष्टी पाहिली, तेव्हा लमेत्र नाराज झाले. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरला जावा असं त्यांना वाटत नव्हतं. दुसरीकडे फ्रेड हॉयल यांना सुरुवातीची कल्पनाच पटत नव्हती. ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच 1949 च्या रेडिओ भाषणात वापरलं. हॉयल यांचे विद्यार्थी आणि सहकारी आपले जयंत नारळीकर. 1965 मध्ये वैश्विक पार्श्वभूमी प्रारण सापडल्याचं जाहीर झालं आणि जुना स्थिर-स्थिती सिद्धांत मागे पडला, पण नारळीकरांनी 1993 मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्यासोबत सुरुवात नसलेल्या विश्वाचं सुधारित प्रारूप मांडलं. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही. ते शेवटपर्यंत बहुमताला प्रश्न विचारत राहिले, आणि प्रश्न निरीक्षणांच्या भाषेत विचारत राहिले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

समजा नारळीकरच बरोबर ठरले असते, तर ईश्वराचं काय झालं असतं? गझालींचा युक्तिवाद अडला असता. मालगाडीवाल्याला काही फरक पडला नसता. नैयायिकांचे परमाणू आधीपासून अनादिच आहेत. आणि बिग बँग बरोबर असला तरी आपली समीकरणं अगदी सुरुवातीच्या क्षणाजवळ काम करेनाशी होतात, त्यामुळे “त्याआधी काहीच नव्हतं” हे मापलेलं नाही, ती पुन्हा कर्व्हबाहेर ओढलेली रेषा आहे.

आता घरी परत येऊ. हा वाद वर्ध्यात झालेला आहे, आणि नुसता पुस्तकी नव्हता. गांधीजींनी 1928 मध्ये ‘यंग इंडिया’त ईश्वराबद्दल एक लेख लिहिला. 1931 मध्ये लंडनमध्ये त्याचं ध्वनिमुद्रणही झालं. त्यात त्यांचा तर्क असा आहे, की विश्वात सुव्यवस्था आहे, न बदलणारा नियम आहे, आणि नियम व नियंता एकच आहेत. पण बुद्धीने हे मर्यादित प्रमाणातच सिद्ध होतं, असंही ते त्याच लेखात सांगून टाकतात. इथे हेतू ‘कार्य’ नसून ‘नियम’ आहे. निसर्गाचा नियम आणि सरकारचा नियम यांना आपण एकच शब्द वापरतो, म्हणून निसर्गाच्या नियमालाही कोणी करणारा असेल असं वाटतं. धर्मकीर्तींनी लगेच वारूळ दाखवलं असतं.

1934 मध्ये हे प्रकरण जास्त टोकदार झालं. नोव्हेंबर 1933 मध्ये गांधीजी वर्ध्याहून हरिजन यात्रेला निघाले होते. यात्रा चालू असताना 15 जानेवारीला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे असं ते म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला: भौतिक घटनेचं कारण भौतिकच असणार, आणि नैतिकतेचा हिशोब भूकंपाला जोडला तर उद्या विरोधकही तोच भूकंप आपल्या बाजूने वापरतील. गांधीजींनी टागोरांचं म्हणणं ‘हरिजन’मध्ये छापलं आणि शेजारी स्वतःचं उत्तर दिलं. हे आपल्याला सिद्ध करता येणार नाही, हे त्यांनी कबूल केलं, पण विश्वास सोडला नाही.

मी इथे टागोरांच्या बाजूने आहे, अस्पृश्यतेबद्दल गांधीजींची तळमळ खरी होती हे मान्य करूनही. कारण भूकंप हा गिरडच्या खड्यांसारखा पहिल्या प्रकारचा प्रश्न आहे. बिहारमधले मेलेले लोक सगळे काही अस्पृश्यता पाळणारे नव्हते. ज्यांच्यावर ती लादली गेली तेही त्यात मेले असणारच.

मग 1944 च्या अखेरीस सेवाग्रामला एक पाहुणे आले, आंध्रचे गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे ‘गोरा’. शिक्षणाने वनस्पतिशास्त्राचे, कामाने जाहीर नास्तिक. ईश्वर आणि कर्म यांच्या आधाराने जात टिकते, म्हणून नास्तिकता हे अस्पृश्यता मोडायचं साधन आहे, अशी त्यांची मांडणी. दोघांच्या भेटी होत राहिल्या. गोरांनी ते सगळं पुढे ‘अ‍ॅन एथिस्ट विथ गांधी’ या पुस्तकात लिहिलं, ते 1951 मध्ये नवजीवनने काढलं. तोवर गांधीजी “ईश्वर सत्य आहे” ऐवजी “सत्य हाच ईश्वर” असं म्हणू लागून बरीच वर्षं झाली होती, आणि त्यामागचं त्यांनी दिलेलं एक कारण हेच होतं की नास्तिकही सत्य नाकारत नाही. गोरांच्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरलं, तेव्हा ते सेवाग्रामला लावायचं आणि विधीत देवाच्या नावाऐवजी सत्याचं नाव घ्यायचं, याला गांधीजी तयार झाले. लग्नाआधीच त्यांची हत्या झाली. लग्न मात्र 1948 मध्ये सेवाग्रामलाच लागलं.

आणि वर्ध्याहून दीड-दोन तासांवर नागपूर. 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये आलेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’मध्ये निर्मात्याच्या कल्पनेवर एक कोंडी आहे: ईश्वराने जग शून्यातून केलं की कशापासून तरी केलं? शून्यातून काही होतं हे पटत नाही. कशापासून तरी केलं असेल, तर ते ‘काहीतरी’ त्याच्या आधीपासून होतं, मग तो सगळ्याचा निर्माता कसा? आता ही कोंडी नैयायिकांच्या ईश्वरावर लावून बघा. तो दुसरी बाजू आनंदाने स्वीकारतो: परमाणू होतेच. पण मग तो निर्माता न राहता जुळारी होतो, आणि “परमाणू का आहेत” हा प्रश्न जागच्या जागी राहतो. वेदान्ती कोळ्याचं जाळं पुढे करून कोंडीतून निसटायला बघेल. मग त्याला विचारावं लागेल, कोळी बदलला की नाही. या एका परिच्छेदावर तुमचं अख्खं सेमिनार होऊ शकतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर: मडक्यावरून सर्वज्ञ कर्त्यापर्यंत पोचता येत नाही, असं मला वाटतं. मालगाडीचा प्रश्न मात्र मला अजून छळतो, आणि त्याचं उत्तर माझ्या ऑटोक्लेव्हमध्ये नाही. यातलं एकही वाक्य मी थिसिसमध्ये लिहिणार नाही. तिथे मी लिहिते की खडे गरम पाण्याने झाले, आणि ते पाणी किती गरम होतं हे दाखवते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आजीला धर्मकीर्तींचं वारूळ सांगितलं. मला वाटलं, आता तरी ती अडकेल. म्हटलं, “आजी, मडकं मातीचं, वारूळ मातीचं. मग वारूळ कुंभाराने केलं म्हणशील का तू?”

“कुंभारानं काहून करन?” आजी म्हणाली. “उधईनं केलं. म्हंजे कोनंतरी केलंच नं व माय?”

मी म्हटलं, हो, पण लाखो उधयांनी केलं, त्यातल्या एकीलाही अख्खं वारूळ माहीत नव्हतं. आजी थोडा वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, “हे मात्र पाहा लागन.”